लग्नाचा विमा काढायचा तर तो कुणासाठी?

लग्नाचा विमा काढावा का नको यावरनं सध्या आमच्या कोल्हापुरात घराघरात आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर जी वादावादी चाललीय ती वाचली की एक गोष्ट लगेच कळते, भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी पॉलिसीचा कागद शेवटपर्यंत वाचलेला नाही. एक बाजू म्हणते शुभकार्याच्या आधीच वाईट कशाला चिंतायचं, आणि ही सगळी मोठ्या लोकांची थेरं. दुसरी बाजू म्हणते पंधरा-वीस लाख खर्च करताय मग वीस हजारानं काय फरक पडतोय, काढून टाका, सगळं कव्हर असतंय, निवांत राहा. मला दोन्ही पटत नाही, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लग्न रद्द झालं तर पैसे परत मिळावेत म्हणून काढलेला विमा आपल्याकडच्या बहुतेक घरांना फारसा उपयोगी नाही, कारण ज्या कारणांनी आपली लग्नं अडतात ती त्या कागदात नसतात आणि जी कागदात असतात त्यांनी आपण लग्न थांबवत नाही. पण आपल्या मांडवात आलेल्या माणसाला काही झालं, कोण भाजलं, कुणावर कमान पडली, जेवणातनं विषबाधा झाली, तर त्याची भरपाई देणारा विमा प्रत्येक लग्नाला पाहिजे, लहान लग्नाला तर जास्तच पाहिजे, आणि तो काढायची सक्ती नवरीच्या बापावर नको, कार्यालयवाल्यावर हवी.

आधी हे प्रकरण काय आहे ते नीट बघू. आपल्या देशातल्या काही जनरल इन्शुरन्स कंपन्या लग्नासाठी जी पॉलिसी देतात तिच्यात साधारण चार भाग असतात. आग, भूकंप, पूर, वादळ असल्या कारणानं, किंवा नवरा-नवरी, आईवडील अशा ठरावीक माणसांचा मृत्यू वा मोठा अपघात झाल्यानं लग्न रद्द करावं किंवा पुढं ढकलावं लागलं तर बुडालेला खर्च, म्हणजे हॉलचा ॲडव्हान्स, केटररचा ॲडव्हान्स, छापून झालेल्या पत्रिका, हा पहिला भाग. मांडव, डेकोरेशन, दागिने यांचं नुकसान किंवा चोरी हा दुसरा. घरच्या माणसांचा अपघात विमा हा तिसरा. आणि चौथा म्हणजे पब्लिक लायबिलिटी, तुमच्या कार्यक्रमामुळं तिसऱ्याच माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि कायद्यानं ते तुमच्यावर आलं तर ते कंपनी भरते. हप्ता साधारण विमा रकमेच्या पाऊण ते दोन टक्क्यांच्या दरम्यान, वर जीएसटी, म्हणजे पंधरा लाखाला दहा-बारा हजारापासनं तीस हजारापर्यंत. सगळी चर्चा पहिल्या दोन भागांवर होते. चौथा भाग एजंट शेवटी एका ओळीत सांगून मोकळा होतो आणि घेणाराही त्यावर काही विचारत नाही, आणि माझ्या मते काढण्यासारखं त्यात जे काही आहे ते तेवढंच आहे.

अपशकुनाचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरात याद्या झाल्यापासनं अक्षता पडेपर्यंत कुणाच्या तोंडातनं वावगा शब्द जाऊ नये म्हणून सगळे जपून बोलतात, त्या घरात बसून ‘वराचा मृत्यू झाल्यास’ असं छापलेल्या फॉर्मवर सही करायची ही साधी गोष्ट नाही, आणि ती जड वाटणाऱ्या आईला अडाणी ठरवणाऱ्यांबद्दल मला राग आहे. पण विमा काढला म्हणजे श्रद्धा कमी पडली असं होतं का? मुंबईत किंग्ज सर्कलचं जीएसबी सेवा मंडळ दर वर्षी आपल्या गणेशोत्सवाचा विमा काढतं, २०२४ साली तो चारशे कोटींचा होता, त्यात बाप्पांच्या अंगावरचं सोनं-चांदी आलं, आगीचा धोका आला, पुजारी, स्वयंपाकी, स्वयंसेवक यांचे अपघात आले आणि दर्शनाला येणाऱ्या गर्दीची जबाबदारीही आली. विघ्नहर्त्याच्या मांडवाचा विमा निघतो तिथं भक्ती आटली असं कोण म्हणेल? आणि आपल्याकडचा शेतकरी म्हशीचा विमा काढताना तिच्या कानाला बिल्ला मारून घेतो तेव्हा ती मरावी असं त्याच्या मनात असतं का? तेव्हा हा मुद्दा भावनेचा आहे, भावना खरी आहे, पण तिच्यावर निर्णय सोडता येत नाही.

खरी अडचण दुसरीकडंच आहे. आपल्याकडं लग्न रद्द होत नाही. हळदीच्या सकाळी घरातलं म्हातारं माणूस गेलं तर भावकीतली चार जाणती माणसं बसतात, मामा मध्ये पडतो, आणि बहुतेक वेळा ठरतं काय तर अक्षता टाकून घेऊया, बँजो नाही, वरात नाही, जेवण साधं. कितीतरी घरांत तर अक्षता पडेपर्यंत नवरीला कळूच देत नाहीत, आत एका खोलीत बायका तोंडाला पदर लावून रडतायत आणि बाहेर मंगलाष्टका चालल्यात. चांगलं का वाईट हा वेगळा विषय, पण आपली रीत ही आहे. आता सांगा, इथं रद्द होण्याचा विमा काय देणार? लग्न तर झालं. उलट्या बाजूनंही बघा, चुलत चुलत्याच्या घरात मयत झाली, सगळ्या भावकीला दहा दिवसांचं सुतक, देवदेव करता येत नाही, म्हणून लग्न खरोखरच पुढं ढकललं, तर कंपनीच्या व्याख्येत जवळचा नातेवाईक म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, फार तर आजी-आजोबा, त्यात भावकी कुठून येणार? सुतक तुम्हाला लागतं, पॉलिसीला लागत नाही. पावसाचंही तेच. एप्रिल-मे मध्ये दुपारपर्यंत ऊन आणि चार वाजता जोतिबाच्या बाजूनं काळं भरून येतं, वळीव असा झोडपतो की लॉनवरचा मांडव बांबूसकट आडवा होतो, पण म्हणून कोण लग्न पुढं ढकलतं का? शेजारच्या शाळेचा हॉल रात्रीत उघडून घेतात, आचारी पुन्हा भट्टी पेटवतो, खर्च दीडपट होतो आणि मुहूर्त साधला जातो. ‘वाढीव खर्च’ असं वेगळं कलम पॉलिसीत असेल तर त्यातलं काहीतरी मिळेल, नसेल तर पहिल्या भागातनं हातात काही येत नाही, कारण रद्द काहीच झालेलं नाही.

मग मुलीच्या बापाला रात्री झोप लागू न देणारी जी भीती असते, म्हणजे समोरच्यांनी ऐनवेळी मोडलं तर, मानपानावरनं बिनसलं तर, मुलगा किंवा मुलगी नको म्हणाली तर, तिचं काय? ते कुठल्याच पॉलिसीत नाही. दोन्हीकडच्यांचा वाद, मनात आलं म्हणून नकार, हॉलवाल्याशी भांडण, सगळं बाहेर. लोक याला कंपन्यांची लबाडी म्हणतात, मला तसं वाटत नाही. जी घटना विमा काढणाऱ्याच्याच हातात आहे तिचा विमा काढून देणं म्हणजे ती घडावी म्हणून पैसे ठेवणं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक भलत्याच माणसाच्या जिवावर पॉलिसी काढायचे, तो कधी मरतोय यावर सरळ पैज लावायचे, त्याला आळा बसावा म्हणून १७७४ साली कायदा करावा लागला की ज्याच्या जगण्यात तुमचं काही हित आहे त्याचाच विमा काढता येईल. विमा आणि जुगार यांच्यामधली भिंत तेव्हापासनं उभी आहे आणि लग्न मोडण्याची भरपाई त्या भिंतीच्या पलीकडं पडते. एवढंच की एजंटनं ‘काहीही झालं तरी’ असं म्हणू नये, आणि म्हणत असेल तर ‘मोडलं तर काय’ हा एकच प्रश्न त्याला विचारावा.

महापुराचा दाखला तर सगळेच देतात. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली, त्रेचाळीसला धोक्याची पातळी, म्हणजे त्याच्याही वर बारा फूट, शिरोलीजवळ हायवे बंद, शहर तुटलेलं, २०२१ ला पुन्हा तेच. हे सगळं खरं आणि आम्ही ते भोगलंय. पण लग्नाच्या विम्यासाठी हा दाखला तोकडा पडतो, कारण दोन्ही महापूर आषाढी एकादशीच्या नंतरचे, चातुर्मासातले, तेव्हा मुहूर्त कितीसे असतात? काढीव मुहूर्तावर किंवा रजिस्टर करून होणारी लग्नं असतात, ती कमी. ज्याला खरंच जुलै-ऑगस्टमध्ये करायचंय त्यानं पुराचं कलम बघून विमा जरूर काढावा, आणि तो आधी काढावा, कारण पाणी एकोणचाळीस फुटांच्या इशारा पातळीला टेकल्यावर काढलेला विमा कंपनी मानणार नाही. जे घडायला लागलंय, माहीत झालंय, त्याचा विमा नसतो. कोरोनानं तर आणखी एक धडा दिला. एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं, दोन तास, आणि नियम मोडला तर पन्नास हजार दंड अशा अटीत आपण लग्नं लावली, त्यातल्या कितीजणांचे हॉलचे पैसे अडकले आठवून बघा. २०२० ला विम्बल्डन स्पर्धा रद्द झाली तेव्हा त्यांना विमा मिळाला कारण त्यांच्या पॉलिसीत साथरोगाचं कलम होतं, बहुतेकांच्या नव्हतं, आणि त्यानंतर तर जगभरातल्या विमा कंपन्यांनी साथरोग वगळण्याची कलमं सरसकट घालून टाकली. हॉलच्या ॲडव्हान्ससाठी खरं म्हणजे विम्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्याकडं आहे, १८७२ चा करार कायदा, त्याचं ५६ वं कलम म्हणतं की जी गोष्ट करणंच अशक्य झालं तो करार रद्दबातल, आणि ६५ वं म्हणतं की अशा करारात ज्यानं फायदा घेतला त्यानं तो परत करावा. सरकारनं हॉल बंद केला तर ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ एवढ्या छापील ओळीवर विषय संपत नाही. पण आपण ती ओळ वाचतो आणि गप्प बसतो.

सोन्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण लोक विमा घेतात तो मुख्यतः यासाठीच. चित्र असं असतं, स्टेजच्या मागं किंवा बाजूच्या खुर्चीवर एक पर्स, तिच्यात साज, पाटल्या, बिलवर, आहेराची पाकिटं, आणि तिच्याजवळ मावशी बसलेली, फोटोग्राफर ओरडतो ‘मुलीकडच्या सगळ्यांनी या’, मावशी उठते, फोटो काढून परत येते तोवर पर्स नाही. ही आपल्या कार्यालयांतल्या चोरीची नेहमीची पद्धत, पोलिसांनाही पाठ आहे. पण विम्याच्या भाषेत घरफोडी म्हणजे जबरदस्तीनं आत शिरून केलेली चोरी, कुलूप तोडलं, दार फोडलं, दमदाटी केली तर. २००४ साली सुप्रीम कोर्टानं याच प्रश्नावर निकाल दिला की पॉलिसीत जबरदस्तीची अट लिहिली असेल तर नुसत्या चोरीला भरपाई मिळणार नाही, कोर्ट पॉलिसीचे शब्द बदलू शकत नाही. म्हणजे तुमच्या पॉलिसीत साधी चोरी स्वतंत्रपणे घातलेली नसेल, आणि वर ‘लक्ष न देता ठेवलेल्या वस्तू वगळून’ असं कलम असेल, तर खुर्चीवरची पर्स गेली ती गेलीच. त्यात गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, घेतलेल्या सोन्याचं पक्कं बिल नसेल, हॉलमार्कचा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख नंबर, कुठं टिपलेला नसेल, तर होतं काय याचा पुरावाच नाही. आणि वीस लाखाचं सोनं असून हप्ता वाचवायला दहाच लाख दाखवलं असेल तर चार लाखाच्या चोरीला दोनच लाख मिळतात, कमी विम्याला कमी भरपाई हा नियमच आहे. एवढं सगळं बघितलं की मला वाटतं सोन्यासाठी पॉलिसीपेक्षा घरातला एक जबाबदार माणूस, ज्याला फोटोलाही उठवायचं नाही, जास्त कामाचा.

आता विरोधातला सगळ्यात मजबूत मुद्दा, कंपन्या पैसे देतच नाहीत. याला मी अर्ध्याच्या वर मान्यता देतो. एक रुपयातल्या पीक विम्याच्या काळात ७२ तासांत कळवलं नाही म्हणून किती शेतकऱ्यांचे दावे अडले ते गावागावात माहीत आहे, आणि आरोग्य विम्यात आधीचा आजार लपवला म्हणून नाकारलेली प्रकरणं प्रत्येक गल्लीत सापडतील. ज्या समाजाचा अनुभव असा आहे त्याला ‘विश्वास ठेवा’ असं सांगायला कुठल्या तोंडानं जायचं? पण हाच मुद्दा पुढं नेऊन ‘म्हणून विमाच नको’ म्हणणारे एक गोष्ट विसरतात. आपले बरेचसे दावे पडतात ते बिल नसल्यामुळं. विमा झालेलं नुकसान भरून देतो, फायदा देत नाही, आणि झालेलं नुकसान कागदावर दिसावं लागतं. आपल्या लग्नात आचाऱ्याला रोख, मांडववाल्याला रोख, बँजोवाल्याला रोख, फुलवाल्याला तर हातात कोंबलेले, मग सर्व्हेअर आला की दाखवायचं काय? शिवाय दाद मागायला जागा आहे आणि ती फुकट आहे. पुण्याला विमा लोकपालाचं ऑफिस आहे, कोल्हापूर त्याच्याच हद्दीत येतं, पन्नास लाखांपर्यंतची तक्रार घेतात, वकील लागत नाही, आधी कंपनीला लेखी तक्रार करायची, तीस दिवस वाट बघायची, उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत तिकडं. जिल्हा ग्राहक आयोग तर इथंच आहे. विमा नियामकानं २०२४ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलंय की कागद अपुरे म्हणून दावा फेटाळायचा नाही, आणि काय कव्हर आहे काय नाही हे सोप्या शब्दांत लिहिलेलं माहितीपत्रक ग्राहकाला द्यायचं. ते मराठीत मागा. मराठीत छापील मिळत नसेल तर मेलवर मराठीत लिहून घ्या, एजंटच्या तोंडी शब्दाला नंतर काही किंमत नसते.

दुसरा मुद्दा मला मनापासून प्रिय आहे, तो म्हणजे लग्नच साधं करा, विम्याची गरजच पडणार नाही. ज्या मातीत हे बोलतोय तिथं हे बोलायचा अधिकारही आपल्याला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी पहिलं सत्यशोधक लग्न लावलं, भटजी नाही, कर्ज नाही, आणि त्या विचाराला राजाश्रय देणारे शाहू महाराज आपल्या कोल्हापूरचे. कर्ज काढून, शेत गहाण टाकून हजार पानं उठवणाऱ्या बापाला विमा विकणं म्हणजे चुकीच्या खर्चाला टेकू देणं आहे, हे मला पटतं. पण साधं लग्न म्हणजे सुरक्षित लग्न का? दारातल्या मांडवात, तीनशे माणसांच्या लग्नातसुद्धा दोन गॅस सिलेंडर असतात, ताडपत्री आणि सिंथेटिक कापड असतं, आकडा टाकून घेतलेली वायर असते, आणि पाहुणे ज्यात आले तो टेम्पो असतो. धोका माणसं जमण्याचा आहे, थाटाचा नाही. पन्नास लाख खर्च करणारा एखाद्या जखमी पाहुण्याचा दवाखाना भरूही शकेल, पण तीन लाखात मुलगी उजवणारा काय विकणार?

यावर लोक म्हणतात भावकी आहे की. हो आहे, आणि तिची किंमत मला कमी करायची नाही. आहेराची वही म्हणजे दुसरं काय होतं, ज्यानं माझ्या लग्नात भांडं दिलं त्याच्या पोरीच्या लग्नात मी भांडं द्यायचं, प्रत्येकाचा खर्च सगळ्यांनी थोडा थोडा उचलायचा, शेतातला पैरा जसा चालतो तसाच. एकट्याचं संकट सगळ्यांत वाटून घ्यायचं हा विम्याचा गाभा आपल्या गावांनी कंपन्या यायच्या कितीतरी आधी ओळखला होता. पण त्याला एक मर्यादा आहे, संकट सगळ्यांवर एकदम आलं की वाटून घ्यायला कोण उरतच नाही. २०१९ ला प्रयाग चिखली आणि आंबेवाडी पाण्याखाली गेली तेव्हा भावाच्या घरात जितकं पाणी तितकंच चुलत भावाच्या, मदत आली ती बाहेरनं, लांबनं. दुसरी मर्यादा त्याहून वाईट. वऱ्हाड न्यायला शेजारी आपला ट्रॅक्टर-ट्रॉली देतो, डिझेलचे पैसेही घेत नाही, पैरा म्हणूनच देतो. वाटेत ट्रॉली उलटली, दोन माणसं दगावली. कायदा काय म्हणतो? मालवाहू गाडीत बसवून नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, सुप्रीम कोर्टानं हे २००२ सालीच स्पष्ट केलंय. कधी कोर्ट कंपनीला आधी भरायला लावून नंतर मालकाकडनं वसूल करायला सांगतं, पण शेवटी बोजा मालकावरच. म्हणजे ज्यानं मदत केली त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढणार आणि ज्यांची माणसं गेली तेही आपलेच. अशा वेळी भावकी सावरत नाही, ती आपसात कोर्टात उभी राहते. म्हणून मी पुन्हा पुन्हा चौथ्या भागावर येतोय.

आता कार्यालयांकडं बघा. हॉल बुक केला की जी पावती मिळते तिच्या पाठीमागं बारीक अक्षरात छापलेलं असतं, मौल्यवान वस्तूंची जबाबदारी ज्याची त्यानं घ्यावी, लाईट गेल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही, अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. भाडं लाखात, जबाबदारी शून्य. लोक समजतात हॉलवाल्याचा विमा असेलच, आणि असतोही बऱ्याचदा, पण तो त्याच्या इमारतीचा आणि खुर्च्यांचा. छत जळालं तर छताचे पैसे मिळतील, छताखालच्या माणसांचे नाहीत. हे होणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं केशवराव भोसले नाट्यगृह एका रात्रीत जळेल असं ८ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी कुणाला वाटलं होतं? त्या रात्री आत प्रयोग नव्हता हे आपलं नशीब. डबवालीत नशीब नव्हतं. २३ डिसेंबर १९९५, हरियाणातलं ते गाव, एका मॅरेज पॅलेसमध्ये शाळेचा कार्यक्रम, वर सिंथेटिक कापडाचा मांडव, आग लागली आणि काही मिनिटांत चारशेच्या वर माणसं गेली, बहुतेक पोरं. भरपाईचा हायकोर्टाचा निकाल आला २००९ साली, सुप्रीम कोर्टात तो कायम झाला २०१३ ला. ज्या आईचं पोर गेलं तिनं चौदा वर्षं तारखा मोजल्या. आणि हे जुनं झालं म्हणत असाल तर २०२३ ला इराकमधल्या कराकोशला लग्नाच्या हॉलमध्ये आतच फटाके उडवले, छताला लागलेल्या पॅनेलनी पेट घेतला, शंभरावर माणसं गेली. आपल्याकडं नवरा-नवरीच्या एंट्रीला स्टेजच्या दोन्ही बाजूंनी ज्या ठिणग्यांचे फवारे उडवतात, त्याच्या वर फोमचं आणि कापडाचं सिलिंग असतं, पुढच्या लग्नात एकदा मान वर करून बघा.

विरोधात म्हणतील कायदे आहेत की. आहेत. २००६ चा महाराष्ट्राचा अग्निसुरक्षा कायदा आहे, त्याच्याखाली मालकानं जानेवारी आणि जुलै असं वर्षातनं दोनदा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. पण तो आग लागू नये म्हणून आहे, लागल्यावर माणसाला पैसे कुठनं मिळणार हा त्याचा विषय नाही. भोपाळनंतर १९९१ ला पब्लिक लायबिलिटी विम्याचा कायदा आला, तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. हजार माणसं एका छताखाली बसवून त्यांच्या शेजारी भट्ट्या पेटवणारा धंदा त्यात बसत नाही. आपल्याला हे तत्त्व नवीन आहे असंही नाही. इंग्लंडात १९३० साली आणि आपल्याकडं १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला, तेव्हाही गाडी माझी, हप्ता माझा, मग फायदा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला का, हा प्रश्न होताच. उत्तर सोपं होतं, गाडी तू रस्त्यावर आणलीस, धोका तू निर्माण केलास, आणि ज्याला धडक बसली त्याला तुझ्या ऐपतीवर अवलंबून ठेवता येणार नाही. आज दुचाकीवाला पोरगाही हे मान्य करून चालतो. मग लाख-दोन लाख भाडं घेऊन माणसं जमवणाऱ्याला तो नियम का नको?

कार्यालयवाल्यांच्या दोन हरकती मी गंभीरपणे घेतो. एक, भाडं वाढेल. वाढेल, थोडं. समजा वर्षाचा हप्ता साठ हजार आला आणि हॉलमध्ये साठ लग्नं झाली तर लग्नामागं हजार रुपये, वरातीतल्या डॉल्बीच्या एका तासाला याच्यापेक्षा जास्त जातात. हाच विमा प्रत्येक घरानं वेगळा काढायचा म्हटलं तर महागही पडतो आणि शंभरातले नव्वद काढणारच नाहीत. दोन, विमा आला की मालक निष्काळजी होईल. ही भीती मला खरी वाटते, कारण कागद हातात आला की हात सैल सोडणारी माणसं असतात. पण इथं कंपनीचा स्वार्थच आपल्या कामी येतो, अग्निशमनाचं प्रमाणपत्र नसेल, मागचं दार खुर्च्यांनी अडलेलं असेल, तर ती विमा देणार नाही किंवा हप्ता दुप्पट करेल, आणि आज तेवढंही बघायला कोण येत नाही. महापालिकेनं कार्यालयाच्या परवान्याला आणि उचगाव, कळंबा अशा कडेच्या ग्रामपंचायतींनी लॉनच्या परवान्याला ही एक अट जोडावी, पॉलिसीचा नंबर, रक्कम आणि मुदत पावतीवर छापावी. दारातल्या मांडवात लग्न असेल तर घरच्यांनी फक्त लायबिलिटीचा भाग मागून बघावा, पॅकेजच्या नावाखाली बाकीचं गळ्यात घेऊ नये, आणि जेवणातली विषबाधा त्यात धरली आहे का हे लेखी विचारावं, कारण ती बऱ्याचदा वेगळी मागावी लागते.

अट येईल तेव्हा येईल. तुळशीच्या लग्नानंतरची बुकिंगं मात्र आत्ताच सुरू झालीत. ॲडव्हान्स देताना मालकाला एवढं विचारा की तुमचा विमा इमारतीचा आहे का माणसांचा, आणि तो जे सांगेल ते पावतीवर लिहून द्यायला लावा. लिहायला नको म्हणाला तर शेजारच्या कार्यालयात जाऊन हाच प्रश्न विचारा.